दोनशे रुपयांचा पत्ता

माझी भाची हिंजवडीला एका कंपनीत नोकरी करते. गणपतीत घरी आली तेव्हा घराच्या कर्जासाठी लागणारे कागद घेऊनच आली होती. तीन महिन्यांची पगारपत्रकं जेवणाच्या टेबलावर पसरून ती बसली आणि एका ओळीवर पेन टेकवून म्हणाली, "मावशी, हे पीटी म्हणजे काय गं? दर महिन्याला दोनशे जातात. कुठे जातात?"

व्यवसाय कर, मी सांगितलं. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. राज्य सरकार घेतं.

"ते झालं. पण जातात कुठे?"

त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला होता. यंदाच्या अंकाचा विषय 'देणं'. ते म्हणाले, "राज्यानं कर वाढवावेत का, यावर लिहा. दवाखान्यात औषध नाही, एसटी मोडकळीला आलेली, शाळेला शिक्षक नाही. पैसे लागणार हे सगळे म्हणतात, पण कर म्हटलं की सगळे गप्प. फक्त मंत्रालयातून लिहू नका. गावातून लिहा." मी होकार दिला होता, पण धागा हाती लागत नव्हता. तो भाचीच्या त्या ओळीत सापडला. कारण त्या दोनशे रुपयांना एकेकाळी पत्ता होता. महाराष्ट्रानं एक सार्वजनिक काम उभं करायचं ठरवलं, त्यासाठी उघडपणे नवा कर बसवला, आणि तो कशासाठी आहे हे लोकांना सांगितलं. आपल्याच राज्यात घडलेली ही गोष्ट आता पगार घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही.

पागेंची योजना, मुंबईचा पैसा

वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम मिळालंच पाहिजे आणि ते सरकारनं दिलंच पाहिजे, या कल्पनेचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ मध्ये योजना राज्यभर न्यायचं ठरलं आणि त्याच वर्षी दुष्काळानं गाठलं. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, रस्ता करायचा, तलावाचा बांध घालायचा. दुष्काळ सरला तशी केंद्राची मदत आटली आणि प्रश्न उभा राहिला, की एरवीच्या वर्षी, उन्हाळ्यात हाताला काम नसलेल्या मजुराला राज्य कुठल्या पैशातून काम देणार?

उत्तर करांतून आलं. १९७५ च्या कायद्यानं नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसला. विक्रीकरावर आणि मोटारींच्या करावर जादा आकार आला, बागायती जमिनीवर कर आला, शहरांतल्या बिगरनिवासी इमारतींवर उपकर आला. या सगळ्यांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं तिजोरीतून घालायची, असा नियम झाला. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. देशभराच्या ग्रामीण रोजगार हमीचा कायदा व्हायला त्यानंतर २००५ साल उजाडलं.

मुंबईतल्या पगारदारानं माणदेशातल्या मजुरासाठी पैसे द्यायचे, हे त्या काळच्या मुंबईनं मान्य कसं केलं? त्यात माणुसकी होती, तसा हिशेबही होता. गावात काम नसलेला माणूस उठून मुंबईच्या फुटपाथवर येतो. तो गावातच राहिला तर शहरालाही श्वास घेता येतो. हा व्यवहार लोकांना समजेल अशा भाषेत मांडला गेला, सर्व पक्षांनी उचलून धरला, आणि कर बसला. मला त्या कराच्या रकमेपेक्षा हे मांडणं फार मोलाचं वाटतं.

तलावाच्या बांधावर

माण तालुक्यातल्या एका गावात मी गेले ते या शोधात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना त्याचा त्रास नको. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. बांधावर बाभळी माजल्यात, सांडव्याचे दगड एका बाजूनं ढासळलेत, पण तलाव धरून आहे. यंदा पाऊस बरा झाला, पाणी पिचिंगच्या निम्म्यापर्यंत होतं. खालच्या विहिरींना त्याचाच पाझर.

बांधाखाली राहणाऱ्या एक आजी माझ्याबरोबर वर आल्या. काठी टेकत, पण न थांबता. "बहात्तरला मी पोर व्हते. मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. ह्यो बांध नंतरचा. लगीन होऊन आले, थोरलं पोरगं पाळण्यात व्हतं, तवाचा."

काम कसं चालायचं ते त्यांनी हातवारे करून दाखवलं. पुरुषांनी चौकडी खोदायची, बायांनी पाट्या वाहायच्या. संध्याकाळी मुकादम टेप घेऊन चौकडीची लांबी, रुंदी, खोली मोजायचा आणि त्यावर मजुरी. माप घेता यावं म्हणून चौकडीच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच ठेवायचा. "त्यो खुंट कुनी पाडला तर दिवस गेला." हजेरीपटावर अंगठा. आठवड्याचे पैसे कधी आठवड्यानं मिळत, कधी महिन्यानं.

मी त्यांना सांगितलं, की त्या पैशातला बराच वाटा मुंबईच्या पगारदारांकडून यायचा. सरकार त्यांच्या पगारातून कापून घ्यायचं आणि इथं लावायचं. त्या थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माजा धाकला दीर मुंबईला गिरनीत व्हता. मग त्येच्या बी पगारातनं कापलं असतील की."

असतील. माणदेशातली हजारो माणसं तेव्हा लालबाग-परळच्या गिरण्यांत होती. दीर खात्यावर घाम गाळतो, त्याच्या पगारातले चार रुपये कापले जातात, आणि त्या पैशातून इकडे भावजय पाट्या वाहते. दोघांपैकी कुणालाही हे कधी कुणी सांगितलं नाही. आजींना ते कळलं तेव्हा त्यांचे दीर जाऊन तीन वर्षं झाली होती. शेवटची पंधरा वर्षं त्यांनी गावीच काढली होती. "सांगितलं असतं त्येला," एवढंच त्या म्हणाल्या.

"दिवा लावा, मग पट्टी मागा"

त्याच गावात दुसऱ्या दिवशी वसुली होती. सरकारनं २०२४ मध्ये ग्रामसेवकांचं पदनाम 'ग्रामपंचायत अधिकारी' केलं, पण गावात सगळे अजून भाऊसाहेबच म्हणतात. भाऊसाहेब, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि मागणीच्या बिलांचा गठ्ठा, असे आम्ही सकाळी साडेसातला निघालो. उशीर झाला की माणसं रानात जातात.

बिलावर चार ओळी. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. खाली मागील बाकी, आणि तीच बहुतेकांची मोठी. तिसऱ्या घरी एक बाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "भाऊसाहेब, कोपऱ्यावरचा दिवा जाऊन सहा महिने झाले. दिवाबत्ती कर कशाचा? दिवा लावा, मग पट्टी मागा." भाऊसाहेब म्हणाले, "ताई, पट्टी आली तर दिवा आणीन ना." दोघंही खरं बोलत होते.

पुढच्या घरी वेगळं उत्तर मिळालं. "लाडक्या बहिणीचा हप्ता आला की भरते." तिथून पुढे चार घरांत हेच ऐकलं. म्हणजे राज्य दीड हजार रुपये थेट खात्यावर टाकतं आणि त्यातले काही पाणीपट्टी होऊन पंचायतीत येतात. भाऊसाहेबांना त्यात वाईट काही वाटत नव्हतं. "निदान महिन्यातून एकदा तरी मागायला तोंड आहे," ते म्हणाले.

पंचायतीचं पोट कशावर चालतं हे त्यांनी चावडीच्या ओट्यावर बसून समजावलं. वित्त आयोगाचा निधी येतो, पण त्यातला मोठा भाग बंधित असतो, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांना लावायचा. आमदार-खासदार निधीतून सभामंडप होतो, कमान होते. पण नळाचा व्हॉल्व्ह गळायला लागला, मोटार जळाली, दिवा गेला, गटार तुंबलं, तर लागतो तो स्वनिधी. तो येतो फक्त या चार ओळींतून. मोटार जळायची ती मार्चची वाट बघून जळत नाही.

कराचे दर तरी वाढवता येतात का? कायद्यानं दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते. कौलाचं घर स्लॅबचं झालं, वर मजला चढला, तर नोंद बदलायची. पण सरपंच धजत नाहीत. "पट्टी वाढवली की पुढच्या निवडणुकीत पॅनल पडतं," शिपाई मध्येच म्हणाला. दोनमजली बंगल्याची नोंद अजून 'दगडमातीचं घर' अशी असलेली दोन घरं त्यानं मला बोट करून दाखवली. त्या बंगल्यांना कर लागायचा तो अर्धा, आणि भाकरी थापणाऱ्या बाईला लागतो तो पूर्ण.

मला इथे पाटोद्याची आठवण झाली. छत्रपती संभाजीनगरजवळच्या या गावानं, भास्करराव पेरे पाटील सरपंच असताना, सगळे कर भरणाऱ्या घराला वर्षभर मोफत दळण दिलं. पंचायतीची गिरणी, तुमचा डबा, पैसे नाहीत. पाटोद्याचं कौतुक खूप झालं, पण त्यामागचं साधं शहाणपण इतर ठिकाणी फारसं रुजलं नाही. माणूस कर भरतो आणि आठवड्याला त्याच पैशाचं पीठ डोक्यावरून घरी नेतो. तिथे 'माझा पैसा गेला कुठे' हा प्रश्न उरत नाही.

तरतूद आहे, निधी नाही

प्राथमिक आरोग्य केंद्र गावापासून नऊ किलोमीटरवर. नियमानं सपाट भागात ३० हजार लोकांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात २० हजारांमागे एक केंद्र असतं. मी पोचले तेव्हा लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बाळं घेऊन बसलेल्या बाया, आत सिस्टर. लशी ठेवायच्या फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता चिकटवलेला, सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी, दोन ते आठ अंशांच्या आत. मागच्या तीन महिन्यांत एकही रकाना रिकामा नव्हता. वीज गेली की इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली. मग काय करता? "बर्फाचे पॅक भरून ठेवते, शीतपेटीत लशी हलवते आणि वायरमनला फोन लावत बसते," सिस्टर म्हणाल्या. बॅटरीची मागणी पाठवून आठ महिने झाले होते. सिस्टर कंत्राटी आहेत. त्यांचा स्वतःचा पगार दोन महिने मागे होता. तक्ता मात्र पूर्ण.

वैद्यकीय अधिकारी तरुण होते. बोलताना त्यांनी एक वाक्य तीनदा म्हटलं: तरतूद आहे, निधी नाही. सामान्य वाचकाला या दोन्ही शब्दांत फरक वाटत नाही, पण सरकारी सेवेचं जगणं-मरणं या फरकात आहे. विधिमंडळ अर्थसंकल्प मंजूर करतं ती तरतूद. मग अर्थखातं ती टप्प्याटप्प्यानं सोडतं, बहुतेकदा पूर्ण सोडतच नाही. सोडलेला पैसा संगणकावर, ज्याला सगळे 'बीडीएस' म्हणतात त्या वितरण प्रणालीवर, विभागाकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे उतरतो. मग बिल कोषागारात जातं. वरच्या पायरीवर दोन महिने गेले की खालच्या पायरीवर सहा जातात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पैसा येतो आणि तो ३१ तारखेच्या आत खर्ची टाकायचा असतो. मग बॅटरीऐवजी खुर्च्या येतात, कारण खुर्च्यांचा पुरवठादार तयार असतो.

पूर्वी केसपेपरचे पाच-दहा रुपये घेतले जायचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ते बंद झाले, उपचार मोफत झाले. निर्णय योग्यच होता. पाच रुपयांसाठी परत जाणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण ते पैसे रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात जमायचे आणि बल्ब, सलाइनचा स्टँड, नळाची तोटी त्यातून यायची. तेवढा हातातला पैसा गेला, आणि त्याची जागा घेणारा दुसरा तितक्या वेळेवर येत नाही.

याच टोकाला नांदेड आहे. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्याच दिवसांत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. आधी ऑगस्टमध्ये कळव्याच्या रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण गेले होते. उच्च न्यायालयानं नांदेडच्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक हिस्सा आरोग्यावर खर्च करावा, असं २०१७ चं राष्ट्रीय आरोग्य धोरण सांगतं. महाराष्ट्र, देशातलं सर्वांत मोठी अर्थव्यवस्था असलेलं राज्य, त्याच्या बराच खाली आहे. आपण गरीब नाही. आपला पैसा या दारापर्यंत पोचत नाही, आणि जेवढा पोचतो तेवढा पुरत नाही. हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींवर उपचार हवा.

न सांगता घेतलेले कर

कर वाढवायचे की नाही, असा प्रश्न आपण विचारतो, जणू आजवर वाढले नाहीत. ते वाढतातच, फक्त कुणी सांगत नाही.

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या हातून बहुतेक कर गेले. त्याचे दर आता परिषदेत ठरतात, एकट्या राज्याला ते बदलता येत नाहीत. राज्याच्या स्वतःच्या मुठीत उरलं ते पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर, वीज शुल्क आणि भाचीचे दोनशे रुपये. म्हणून पैसा कमी पडला की हात इकडेच जातो. २०१५ च्या दुष्काळात सरकारनं पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये वाढवले, दारू, सिगारेट, शीतपेयं, सोनं यांवरही वाढ केली. दुष्काळासाठी म्हणून. लोकांनी कुरकुर केली, पण भरलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, दुष्काळ संपला. पेट्रोलवरचा अधिभार संपला नाही, २०१७ मध्ये उलट वाढला. आज पेट्रोलवर २५ टक्के कर आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे आहेत. आता ते दुष्काळाचे नाहीत, कुणाचेच नाहीत. एका कामाच्या नावानं घेतलेला पैसा नाव पुसून सर्वसाधारण तिजोरीत मिसळला. लोकांचा विश्वास उडतो तो अशा वेळी, आणि त्याची किंमत पुढच्या प्रामाणिक कराला मोजावी लागते.

जून २०२५ मध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवलं, भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट. वर्षाला १४ हजार कोटी जादा मिळतील असा अंदाज. दारू महाग व्हावी याला माझी हरकत नाही. पण देशी दारूचा करही वाढतो तेव्हा तो पिणाऱ्याच्या घरातल्या बाईच्या पदरातून जातो, हे वसुलीच्या दिवशी मला दोन घरांत ऐकायला मिळालं. शिवाय दवाखाना चालवण्यासाठी राज्यानं दारूच्या खपावर विसंबावं, ही व्यवस्था मला मनापासून खुपते.

आणि एसटी. परतीच्या प्रवासात दहिवडीच्या स्टँडवर मी साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत होते. माझ्या शेजारी अर्ध्या तिकिटातल्या दोघी, पलीकडे एक आजोबा, पंचाहत्तरी ओलांडलेली म्हणून त्यांना तिकीटच नाही. या सवलतींमुळे बाया घराबाहेर पडल्या, माहेरी जाऊ लागल्या, आजोबा तालुक्याच्या डॉक्टरकडे जातात. हे चांगलं झालं. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देणं लागतं, ते उशिरानं देतं. पण याच एसटीच्या तिकिटात सरकारचा साडेसतरा टक्के प्रवासी कर आहे, हे किती प्रवाशांना माहीत असेल? गाडीत पडणाऱ्या डिझेलवरही राज्याचा कर. विमानानं किंवा स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्याकडून असा प्रवासी कर राज्य घेत नाही. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात उशिरा टाकायचं, आणि मधल्या काळात महामंडळाचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या पुढे गेला की त्याला 'तोट्यातली एसटी' म्हणायचं. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. तोही एक करच आहे, आणि तो भरतो ज्याच्याकडे मोटारसायकलही नाही तो.

मग कोणाकडून?

साताऱ्यात एका लघुउद्योजकांशी बोलले. दोन शेड, चाळीसेक कामगार, मोटारीचे सुटे भाग बनवतात. ते तावातावानं म्हणाले, "आणखी कर? आमच्या औद्योगिक वसाहतीचा रस्ता आम्ही वर्गणी काढून बुजवला. वीज महाग, जमीन महाग. उद्या शेजारचं राज्य बोलावतंच आहे." मी त्यांचं म्हणणं उडवून लावणार नाही. जो माणूस कर भरूनही रस्त्यासाठी वर्गणी काढतो, त्याला आणखी दे म्हणायला सरकारकडे काही तरी दाखवायला हवं.

हिशेबाची बाजूही कठीण आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची धरली, कर्जाचा अंदाज ९.३२ लाख कोटींचा. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांतच महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग संपतो. लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाला ४६ हजार कोटी लागतील असा अंदाज होता. ज्या बाईच्या हाती आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचे दीड हजार आले, तिच्याकडून ते काढून घ्या असं मी लिहिणार नाही. पण दीड हजारांत बाळंतपणाची खोली येत नाही, इन्व्हर्टरची बॅटरी येत नाही, शाळेत शिक्षक येत नाही. या गोष्टी एकेकट्यानं विकत घ्यायच्या नसतातच, म्हणून तर राज्य असतं.

माझं उत्तर असं आहे, की कर वाढवावा, पण ज्याला झेपतो त्याच्यावर, उघडपणे, नाव-गाव लावून. भाचीच्या कंपनीत दारावर उभा असलेला पहारेकरी महिना चौदा हजार मिळवतो. त्याला व्यवसाय कर वर्षाला अडीच हजार. कंपनीच्या प्रमुखालाही अडीच हजार. कारण राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदानं या कराला वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातली आहे. आधी ती अडीचशे होती, १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीनं अडीच हजार झाली, आणि तेव्हापासून तिथेच गोठली. अडतीस-चाळीस वर्षांपूर्वी अडीच हजार हा चांगल्या नोकरीचा महिन्याचा पगार होता. चौदाव्या वित्त आयोगानं ही मर्यादा १२ हजारांवर न्यावी अशी शिफारस केली होती. त्याला दहा वर्षं उलटली. उत्तर प्रदेश, राजस्थान, हरयाणा, दिल्ली यांना हा करच नाही, त्यामुळे त्यांना घाई नाही. घाई असायला हवी ती महाराष्ट्राला, ज्यानं या करातून देशाला रोजगार हमी दाखवली. मर्यादा उठली तर महिना लाखभर मिळवणाऱ्याकडून हजार रुपये घेता येतील आणि पहारेकऱ्याला सोडता येईल.

त्याच्या जोडीला बंगल्याची नोंद बंगला म्हणून व्हावी, एसटीवरचा प्रवासी कर जावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, धीर लागतो.

पण कर वाढवण्याआधी जुन्या कराचा हिशेब चुकता करावा लागेल. रोजगार हमीसाठी म्हणून गोळा झालेला पैसा पूर्णपणे त्या निधीत वर्ग झाला नाही, यावर महालेखापरीक्षकांनी वारंवार बोट ठेवलं आहे. देणाऱ्याच्या मनातून कराचा पत्ता पुसला गेला तो तिजोरीनं आधी पुसला म्हणून. शहरांतल्या वाचकांनी आपलं मालमत्ता कराचं बिल जरा उलगडून बघावं. त्यात 'शिक्षण उपकर' अशी ओळ असते. व्यावसायिक गाळा असेल तर 'रोजगार हमी उपकर' अशीही. महापालिका ती राज्याच्या वतीनं गोळा करते. त्या पैशातून कुठल्या शाळेचा कुठला वर्ग उभा राहिला, हे बिलाच्या पाठीवर छापायला किती शाई लागेल? नवा आरोग्य कर आणायचा असेल तर तो स्वतंत्र निधीत जावा. तालुक्याच्या प्रत्येक केंद्राला त्यातले किती, कुठल्या महिन्यात मिळाले, हे केंद्राच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं असावं. लसीच्या फ्रिजवरचा तक्ता लिहिणाऱ्या सिस्टर तोही लिहितील. त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

००२८ आणि २५०५

हा लेख लिहीत होते तेव्हा भाची पुन्हा आली. कर्ज मंजूर झालं होतं, पेढे घेऊन आली होती. मी तिला आजींची आणि मुंबईच्या दिरांची हकिकत सांगितली. ती ऐकत राहिली, मग लॅपटॉप उघडून म्हणाली, "बघता येतं का कुठे? माझे दोनशे?"

येतं, थोडं. राज्याचा जमाखर्च लेखाशीर्षांत मांडलेला असतो. व्यवसाय कर जमा होतो तो ००२८ खाली. ग्रामीण रोजगाराचा खर्च पडतो तो २५०५ खाली. अर्थखात्याची पुस्तकं संकेतस्थळावर आहेत, निधी वितरणाची 'बीम्स' प्रणालीही कुणालाही पाहता येते. मी हे सांगितलं तेव्हा वाटलं, ती दहा मिनिटांत कंटाळेल.

अकरा वाजता मी झोपायला गेले तेव्हा तिनं जमेचं पुस्तक शोधलं होतं, ००२८ ची ओळ सापडली होती, आणि ती वहीत उतरवून घेत होती. शेजारी वहीच्या कोऱ्या पानावर तिनं २५०५ एवढंच लिहून खाली रेघ मारली होती. "मावशी," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "खर्चाचं पुस्तक कुठल्या खात्यात बघू? ग्रामविकास की नियोजन?"

"नियोजनमध्ये बघ. रोजगार हमीचं वेगळं पान असेल," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.